दोनच माणसं

१

सकाळी डबा भरायचा, पाण्याची बाटली पिशवीत उभी ठेवायची, कुलूप लावून ते ओढून बघायचं, बस धरायची आणि इस्पितळात जाऊन बसायचं. माझा दिवस असा चालला होता. दुकान बंद होतं. पडदे शिवायचं माझं दुकान आहे. मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती रद्दीच्या कागदांवरून, आणि कापायला शिकले ते कापड वाया घालवून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारी अडाणी, तिला यंत्रातलं काय कळतंय. मी जे पाहिलं ते सांगणार आहे. जे कळलं नाही त्याचा अर्थ लावत बसणार नाही, आणि तुम्हीही मला तो लावून दाखवू नका.

आत होती माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ही एवढीशी होती, मीच तिला वाढवलं. लग्नाच्या भानगडीत आम्ही दोघीही पडलो नाही. दुकानात मी कापायचे, ती टिपा मारायची, आणि टिपा मारता मारता बोलायची. सगळे तिला टकळीच म्हणायचे. पण ते बोलणं माणसाचं होतं. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, घास तोंडात असला की थांबायचं, दिवा मालवला की थांबायचं. मग एके दिवशी ते थांबेना.

"त्याआधी काही घडलं होतं का? कोणी गेलं, भांडण झालं, पडल्या, ताप आला?" पुढे इस्पितळात डॉक्टरने विचारलं.

काहीही घडलं नव्हतं. मी पुष्कळ आठवून पाहिलं. साधा आठवडा होता.

घसा बसला तरी तिचे ओठ चालू. जेवताना घास गालात सारून चालू. झोप नाहीच. आणि बोलणं म्हणाल तर सगळं शहाण्याचं. बसला गर्दी होती, निळ्या पडद्याची दुमड सैल आहे, शेजारणीने कुंडी हलवली. एक शब्द वेडा नव्हता, फक्त दोन शब्दांच्या मधे फट नव्हती.

"अगं, जरा दम खा," मी ओरडले.

तिने त्याच ओघात उत्तर दिलं, "दम खाल्ला की तिचा नंबर लागतो ताई, आणि ती कात्री इकडे दे, आणि उद्या त्या बाईंचं माप घ्यायचंय..."

"कोणाचा नंबर?"

"जिचा आहे तिचा, मी गप्प बसायची वाट बघतेय ती, आणि दोरा संपला बघ पांढरा..."

दुसऱ्या दिवशी मी तिला इस्पितळात नेलं. कारण मला ते ऐकवत नव्हतं. झोप मलाही हवी होती.

२

ती खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. पूर्वी तिथे चादरी ठेवत असावेत, कारण भिंतीत फळ्यांच्या खुणा होत्या. आता भिंतींना जाड करडं कापड मारलं होतं. जोड बेकार. कोपऱ्यात कापड फुगलं होतं, मी असते तर उसवून परत लावायला लावलं असतं. मधे टेबल, दोन खुर्च्या, आणि टेबलावर साबणाच्या वडीएवढी काळी डबी. बाहेरच्या लहान खोलीत काच, स्पीकर आणि पडदा. म्हणजे कॉम्प्युटरचा. तिथे सिस्टर बसायची, आणि तिच्याशेजारी मी.

"हे बघा आजी..." डॉक्टर म्हणाला. कोवळा होता, दाढी नुसती विरविरीत.

"आजी म्हणू नका. मी कोणाची आई नाही, तर आजी कुठून होऊ?"

"मग काय म्हणू?"

"बाई म्हणा. गिऱ्हाइकं म्हणतात."

"बरं, बाई. हे यंत्र पेशंट काय बोलतो ते बघत नाही, कसं बोलतो ते बघतं. वेग किती, आवाज कुठे चढतो, श्वास कुठे घेतो, कोणानंतर कोण बोलतं. त्यावरून आजार ओळखतं. एआय आहे. हजारो माणसांचं बोलणं ऐकून ऐकून शिकलंय."

"शाळेत गेलं नाही म्हणजे. माझ्यासारखंच."

तो मनापासून हसला. मग पडदा दाखवून म्हणाला, "निळं म्हणजे पेशंट. पिवळं म्हणजे समोर बसलेला, आत्ता मी. आणि पांढरं म्हणजे कोणीच बोलत नाही."

त्याने आधी माझ्याशीच बोलून दाखवलं, म्हणजे मला समजावं. यंत्राने लगेच निकाल दिला की मी समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही.

"पुरं करण्याजोगं कोणी बोलत नाही," मी म्हणाले. सिस्टरने तोंडावर रुमाल धरला.

मग बहिणीला आत बसवलं. पडद्यावर पट्टा सरकू लागला, कापडाचं थान उलगडावं तसा. निळा, निळा, नुसता निळा. डॉक्टरने चार वेळा काही विचारलं, ते पिवळे ठिपके निळ्याच्या अंगावर पडल्यासारखे दिसले. पांढरं कुठेच नव्हतं.

"हे पांढरं दिसायला लागलं ना बाई," तो बाहेर येऊन म्हणाला, "की मी त्यांना घरी सोडतो. तोवर नाही."

मी तेवढं लक्षात ठेवलं. पांढरं दिसलं की घरी.

३

गोळ्या सुरू झाल्या. बोलणं मंदावलं, पण फट पडेना. ती शब्द लांबवायची. 'आणि' म्हणायची आणि त्यातला शेवटचा स्वर ताणून धरायची, पुढचं सुचेपर्यंत. डॉक्टर मान हलवायचा.

मी ठरवलं, हे काम माझं आहे. भेटीच्या वेळेत तिच्या पलंगावर बसून तिचा हात हातात घेतला. शिवणयंत्राच्या पायट्यावरून पाय कधी उचलायचा हे मी तिला असंच शिकवलं होतं, गुडघ्यावर हात ठेवून.

"मी तळवा दाबला की तोंड मिटायचं. सोडला की बोलायचं. कळलं?"

"ताई नको, तुला माहीत नाही, तिला एकदा सवय लागली ना की मग ती..."

"तुला घरी यायचंय की नाही?"

ती बोलतच माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी दात काढायला नेलं होतं तेव्हा असंच बघितलं होतं तिने. "तू सांगतेस म्हणून," ती म्हणाली, आणि मी तळवा दाबला.

तिने तोंड मिटलं. डोळेही मिटले. कपाळावर घाम फुटला, हात माझ्या हातात गार पडला. खिडकीबाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं, ती ओढत नेण्याचा आवाज संपला, मग वॉर्डात काहीच आवाज उरला नाही. मी हात सोडला. तिने इतक्या जोरात श्वास घेतला की पलीकडच्या पलंगावरची बाई उठून बसली.

मला दया यायला हवी होती. आली नाही. जमतंय, एवढंच मनात आलं. जागरणांनी माझं आत सगळं बधिर झालं होतं, दाताच्या इंजेक्शननंतर गाल होतो तसं. आपलाच गाल, पण चावला तरी कळत नाही.

रोज थोडं वाढवत नेलं. ती शिकली. माझ्या हाताखाली शिकली नाही असं काही नाही तिने.

४

पांढरं दिसू लागलं. आधी दोऱ्याएवढं, मग फितीएवढं. डॉक्टरने मला बोलावून दाखवलं. "बघा बाई. गुण येतोय."

मी बघितलं. कापडात आयुष्य गेलंय माझं, पांढऱ्यात पांढरं काय आणि मळकं काय हे मला लांबून दिसतं.

"ही राखाडी रेघ कसली?"

पांढऱ्याच्या बरोबर मधोमध एक बारीक राखाडी रेघ होती. डॉक्टरने चष्मा वर केला. सिस्टर म्हणाली, "एसीची घरघर असेल." एसी बंद केला. आत उकाडा झाला, आणि बहीण बोलायची थांबली की रेघ आलीच.

"यंत्राला दोघांखेरीज वेगळा आवाज ऐकू आला की ते नवा रंग देतं," डॉक्टरने सांगितलं. "कधी कधी नसलेला आवाजही ऐकतं. त्याला भास होतो म्हणा ना."

"मग त्यालाच भरती करा. माझ्या बहिणीला सोडा."

सिस्टर खुदकन हसली. डॉक्टर हसला नाही.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. तिच्यात मला एक गोष्ट खटकली, आणि ती मी कोणाला सांगितली नाही. निळं संपलं की ती लगेच सुरू होत नव्हती. जरा थांबून सुरू व्हायची. आणि निळं परत सुरू व्हायच्या जराशी आधी संपायची. एसीला असं वळण नसतं. घरघर कोणाचं बोलणं संपायची वाट बघत नाही. ती रेघ एकदाही निळ्याच्या अंगावर पडली नाही.

स्पीकरमधून काही ऐकू येत नव्हतं. मी कान लावून ऐकलं. सिस्टरनेही ऐकलं.

"काही नाहीये हो बाई," ती म्हणाली. पण तिने स्पीकर जरा लांब सरकवला.

बहिणीला मी विचारलं नाही. ती सांगेल अशी भीती होती, की सांगणार नाही अशी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

५

यंत्र दुरुस्त करणारा आला. गळ्यात ओळखपत्राची दोरी, तोंडात च्युइंगगम. डबी उघडली, फुंकली, बंद केली. मग खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर काहीतरी केलं.

"सोपं आहे. याला मोकळं सोडलंय तुम्ही. किती माणसं बोलतायत ते हे स्वतः ठरवतंय. खोलीत असतात किती?"

"दोन," डॉक्टर म्हणाला.

"मग दोन सांगून टाकतो. आता याला तिसरा रंग काढताच येणार नाही. जे ऐकेल ते दोघांतल्या एकाच्या नावावर टाकेल."

"पण म्हणून त्याला ऐकू येतं ते कमी थोडंच होणार?" मी विचारलं.

"मावशी, पट्टा स्वच्छ दिसेल. बास की."

दुसऱ्या दिवशी पट्टा खरंच स्वच्छ दिसला. राखाडी नाही. निळं, मग जरासं पांढरं, मग पिवळं, मग परत निळं. इतका देखणा पट्टा मी पाहिला नव्हता. यंत्राने लिहून दिलं की बोलण्याची आळीपाळी उत्तम, पेशंट समोरच्याचं ऐकून घेतो.

मी काचेतून आत बघत होते. डॉक्टर बोलत नव्हता. पेन हनुवटीला लावून तो बहिणीकडे बघत बसला होता, ओठ मिटलेले. आणि पडद्यावर पिवळं सरकत होतं.

मी सिस्टरकडे बघितलं. तिने नजर कागदांवर ठेवली होती. आपण दोघींनी एकच गोष्ट पाहिली आहे हे दोघींना कळलं, आणि दोघी गप्प बसलो. तिला नोकरी करायची होती. मला माझी बहीण घरी हवी होती.

त्याच आठवड्यात सोडलं तिला. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही. मी विचारलं, "गार वारा लागतोय का?" ती म्हणाली, "नाही." शहाण्या माणसासारखं.

आनंद व्हायला हवा होता. मी वाट बघितली त्याची. आमचा स्टॉप आला, आम्ही उतरलो.

६

इस्पितळाने तसलीच एक डबी घरी दिली होती. आठवड्यातून एकदा टेबलावर ठेवायची, हिरवा दिवा लागला की दोघींनी नेहमीसारख्या गप्पा मारायच्या. पुढचं यंत्र बघून घेणार.

मी डबी ठेवली, दिवा लागला, आणि तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत धावले. गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत आले. दारातच उभी राहिले.

बहीण टेबलाशी बसली होती, हनुवटी तळव्यावर. समोरची खुर्ची रिकामी. "हं," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "अय्या, खरंच?" परत काही नाही. "मग?" तिच्या मानेला एक लय होती. एखादी लांबण लावणारी पाहुणी आलेली असावी आणि आपण तिला नाराज करू नये, तशी.

मी तोंड मिटून उभी होते. माझं मला ते नक्की आठवतं. दाराची चौकट धरली होती, तिच्या कडेचा खिळा बोटाला लागत होता. दिवा विझेपर्यंत मी हलले नाही.

"कोणाशी बोलत होतीस?"

"मी कुठे बोलतेय, ताई?" ती म्हणाली. "मी तर आता बोलतच नाही."

पुढच्या तपासणीला डॉक्टरने पट्टा पडद्यावर लावला आणि हसून माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही सुधारणार नाही! बघा, सगळं पिवळंच पिवळं. त्यांना बोलूच देत नाही तुम्ही. पण त्या ऐकतात छान. हुंकारही अगदी जागच्या जागी."

"मी एक शब्द बोललेले नाही."

"म्हणजे?"

"लावा. ऐका तुम्हीच."

त्याने लावलं. आमच्या घराचा आवाज आला. नळाची गळती, खुर्चीची करकर. "हं." मग शांतता. आणि त्या शांततेत पडद्यावर पिवळं सरकत राहिलं, संथ, न अडखळता. डॉक्टरने आवाज वाढवला. नुसती सूं सूं वाढली. अजून वाढवला.

माझ्या शेजारच्या खुर्चीत बहीण फिसकन हसली. हात तोंडावर नेऊन, कोणीतरी मजेचं बोलल्यावर हसतात तशी. पडद्यावर पिवळं अजून चालूच होतं. ते संपलं, आणि मग स्पीकरमधूनही तिचं हसू आलं. तेच हसू, त्या दिवशीचं.

डॉक्टरने बंद केलं. थोडा वेळ त्याने हात माउसवरून काढलाच नाही.

"त्या यंत्राला परत मोकळं सोडा," मी म्हणाले. "किती माणसं आहेत ते त्यालाच मोजू द्या."

"सोडतो," तो हळू म्हणाला. "पण बाई, तिसरा रंग आला तर मी लिहू काय? यंत्र बिघडलंय असं लिहिता येणार नाही, ते तपासून झालंय. मग ते तुमच्या बहिणीच्या नावावर जाईल. त्या परत आत. आणि या वेळी कधी सोडेन हे मी सांगू शकत नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो."

पहिल्यांदाच तो मला कोवळा वाटला नाही. आपण काय विचारतोय हे त्याला माहीत होतं. त्याला माझ्याकडून उत्तर हवं होतं, म्हणजे ते त्याचं राहणार नव्हतं.

मी बहिणीकडे बघितलं. केस विंचरलेले, पदर नीट, हात मांडीवर. मी विंचरून दिले होते. थांबलेल्या पिवळ्या पट्ट्याकडे ती बघत होती, कोणी बोलता बोलता मधेच उठून गेल्यासारखी.

"दोनच राहू द्या," मी म्हणाले.

७

दुकान उघडलं. गिऱ्हाइकं आली, "टकळी बरी झाली का?" म्हणून विचारून गेली. तिला शांत बसलेली बघून कौतुक करून गेली. दुपारी कोणी येत नाही. तिन्ही भिंतींना पडदे टांगलेले, रस्त्याचा आवाज आत पोचत नाही. ती टिपा मारते, मग यंत्र थांबवून बसते, आणि मान हलवते.

म्हणून मी बोलते. कापता कापता बोलते. या कापडाला इस्त्री सोसणार नाही, त्या हॉटेलवाल्याने पडदे उलटे लावलेत, आई गेली त्या वर्षी तू दारामागे लपायचीस, आठवतं का. सुचलं नाही तर पुढच्या बोर्डावरची अक्षरं वाचते. काल सुई बोटात गेली, ते कापडावर डाग पडला तेव्हा कळलं. तरी बोलणं चालू ठेवलं. पाणी पिताना एक घोट जातो तेवढी फट पडते, म्हणून पाणी कमी केलंय.

बहीण काही म्हणायची नाही. सोसून घेतल्यासारखी बसायची.

आज दुपारी मी हिरव्या कापडाची गोष्ट सांगत होते. घसा फाटला होता, शब्द नुसते हवेसारखे येत होते. तिने यंत्रावरचा हात काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. हलकेच दाबला.

"ताई, थांब जरा," ती म्हणाली. रागाने नाही. चारचौघांत कोणी मधे तोंड घातलं तर आपण समजुतीने सांगतो तसं. "किती वेळ झाला. तिचं वाक्य राहिलंय."

माझं स्टूल भिंतीला टेकलेलं असतं. पाठ आणि भिंत यांच्या मधे पडद्याची एक घडी जाईल एवढीच जागा. तिची नजर माझ्या तोंडावर नव्हती. माझ्या खांद्यावरून जराशी वर, त्या जागेत होती.

मला जन्मात कोणी थांब म्हटलं आणि मी थांबले, असं कधी झालेलं नाही.

मी थांबले.